जुन्या वस्तूंना सिगरेटचा वास: विकताना काय सांगायचं, कसं सांगायचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी डोंबिवलीतून जुनी पुस्तकं ऑनलाइन विकतो. कुणी घर रिकामं करायला काढलं की पुस्तकांबरोबर एखादी खुर्ची, कपाट, कधी बाजाची पेटीही गळ्यात पडते, मग तीही विकतो. धुराच्या वासाबद्दल मला फिरून फिरून तेच प्रश्न येतात, विकणाऱ्यांचे आणि घेणाऱ्यांचेही. ते इथे एकत्र लिहिले आहेत.

वास ही काय जाहिरातीत लिहायची गोष्ट आहे?

आहे. ओरखडा फोटोत दिसतो, पोचा दिसतो, फाटलेलं पान दिसतं. वास दिसत नाही. तो घेणाऱ्याला कळतो तेव्हा पैसे गेलेले असतात आणि खोका उघडलेला असतो.

हे मी शिकलो ते स्वतःच्या चुकीतून. एका निवृत्त प्राध्यापकांकडून बांधीव दिवाळी अंकांचा मोठा संच घेतला होता. सर वाचताना सतत सिगरेट ओढणारे. आणताना रिक्षात वास चांगलाच जाणवला. मग ते गठ्ठे तीन आठवडे आमच्या हॉलमध्ये पडून होते आणि वास गेला. म्हणजे मला तसं वाटलं. जाहिरातीत लिहिलं, ‘स्थिती उत्तम’. कोल्हापूरच्या एका बाईंनी संच घेतला. चौथ्या दिवशी त्यांचा फोन: ‘अंक झकास आहेत हो, पण कपाटात ठेवल्यापासून माझ्या साड्या पानटपरीवर उभ्या राहून आल्यासारखा वास मारायला लागल्यात.’ पैसे परत केले आणि दोन्ही बाजूंचं कुरिअर माझ्या खिशातून गेलं. मी स्वतः सिगरेट ओढत नाही, तरी ही गत.

मी ओढतो, पण मला तर वस्तूला काहीच वास येत नाही. मग काय सांगू?

तुम्हाला येणार नाहीच. नाक सतत येणाऱ्या वासाची दखल घेणं सोडून देतं. मासळीबाजारात शिरताना नाकाला रुमाल लागतो आणि दहा मिनिटांनी आपण तिथेच पापलेटचा भाव करत उभे असतो, तसंच. त्यात रोज ओढणाऱ्याची वास घेण्याची क्षमता थोडी मंदावलेलीही असते. त्यामुळे ‘मला तर येत नाही’ हा काही पुरावा नाही.

मी आता असं करतो. वस्तू मावेल एवढ्या स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी बाहेर एक फेरी मारून यायचं आणि चहा प्यायच्या आत पिशवीचं तोंड नाकाशी उघडायचं. पहिल्या श्वासाला जे कळतं तेच खरं, दुसऱ्या श्वासापासून नाक मिंधं होतं. त्याहून चांगलं म्हणजे न ओढणाऱ्या शेजाऱ्याला पिशवी उघडायला द्या. लहान मुलं फारच उपयोगी, ती भीड ठेवत नाहीत.

कपाट, टेबल, मॉनिटर अशा कडक वस्तूंसाठी आणखी एक खूण आहे. पांढरा सुती कपडा किंचित ओला करून मागच्या बाजूने, जिथे रोजचं फडकं पोचत नाही तिथे, घासून बघा. साधी धूळ करडी निघते. धुराचा थर चहाच्या डागासारखा पिवळट-तपकिरी आणि जरा चिकट निघतो.

मी घरात नाही, गॅलरीत ओढतो. तरी लिहायचं?

लिहा, पण आहे तसंच लिहा: ‘घरातील एक जण गॅलरीत धूम्रपान करतो, वस्तू आतल्या खोलीत होती.’ ‘धूम्रपानमुक्त घर’ हे शब्द मात्र वापरू नका. गॅलरीचं दार उघडंच असतं आणि वारा आत येतो.

सिगरेट सोडून दोन वर्षं झाली. आता तर प्रश्न मिटला ना?

तुमचा मिटला, अभिनंदन. सोफ्याचा मिटला असेलच असं नाही. निकोटीन हवेतून उतरून भिंती, पडदे, फोम यांना चिकटतं आणि नंतर थोडं थोडं पुन्हा हवेत येत राहतं. अमेरिकेत सॅन डिएगोच्या संशोधकांनी धूम्रपान करणाऱ्यांनी सोडलेली घरं तपासली होती, तो अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. घरं सरासरी दोन महिने रिकामी होती, साफसफाईही झाली होती, तरी नव्याने राहायला आलेल्या न ओढणाऱ्या माणसांच्या बोटांवर निकोटीन सापडलं. तेव्हा ‘दोन वर्षांपूर्वीपर्यंत घरात धूम्रपान होतं, आता नाही’ एवढं लिहायला काय हरकत आहे? त्या वाक्याने उलट विश्वास वाढतो.

कुठल्या वस्तू वास जास्त धरतात?

ज्यात हवा शिरते आणि मुरते त्या. फोमचा सोफा, गादी, उशा, जाड पडदे, गालिचा. पाठीमागून पॉलिश न केलेलं लाकूड किंवा प्लायवूड. पुस्तकं तर विचारूच नका, कारण शंभर पानं म्हणजे शंभर पडदे. काच, स्टील, चकाकी असलेली चिनी माती यांतून वास पुसून जातो, तिथे फार चिंता नको.

पुस्तकांत एक घोटाळा होतो. जुना कागद मुळातच पिवळा पडतो, विशेषतः स्वस्त कागद, कारण त्यातल्या लिग्निनवर, म्हणजे लाकडातून कागदात उतरलेल्या एका घटकावर, उजेडाचा आणि हवेचा परिणाम होतो. तो पिवळेपणा कडेकडून आत सरकतो आणि त्याला गोडसर, कोरडा वास असतो. धुराच्या पिवळेपणाला राखेचा, कडवट वास येतो. ‘जुन्या पुस्तकांचा सुगंध’ म्हणून हा दुसरा वास कुणाच्या गळ्यात मारू नका. आणि डांबरगोळ्यांचा वास असेल तर तोही सांगा, काहींचं डोकं चढतं त्याने.

सगळ्यात फसवी वस्तू म्हणजे बाजाची पेटी. गाण्याच्या बैठकीत वर्षानुवर्षं धूर झालेला असतो आणि पेटी तोच धूर भात्यात ओढत आलेली असते. बंद असताना वास येत नाही. फोटोत पॉलिश लखलखतं. घेणारा घरी नेऊन भाता मारतो आणि सा लावताच पेटी त्याच्या तोंडावर धूर सोडल्यासारखा भपकारा टाकते. भात्याला लावलेलं कापड, पुठ्ठा आणि चामडं हा वास सोडत नाहीत, शेवटी भाताच बदलून घ्यावा लागतो. म्हणून पेटी विकताना पाच मिनिटं वाजवा, मग नाक भात्याशी न्या आणि जे कळेल ते लिहा.

पंखा असलेल्या कुठल्याही यंत्राला हाच न्याय लावायचा. कॉम्प्युटर, लॅपटॉप, कूलर, एअर प्युरिफायर. आतली धूळ फुंकरीने उडत नाही, चिकटून बसते. चालू करून गरम झाल्यावर वास घ्या.

जुनी गाडी?

एसी लावून बघा, सगळ्या काचा बंद करून. वास तिथूनच येतो. छताचं कापड, सीट, सीटबेल्ट आणि एसीचा फिल्टर या चार जागा. डॅशबोर्डवरची अत्तराची कुपी काढून ठेवल्याशिवाय गाडी दाखवू नका आणि घेणारे असाल तर ती काढायला लावा. २००८ साली सॅन डिएगोच्याच संशोधकांनी विक्रीला आलेल्या जुन्या गाड्या तपासल्या, तेव्हा ओढणाऱ्यांच्या गाड्यांत हवेत, धुळीत आणि पृष्ठभागांवर निकोटीन मिळालं. त्या गाड्यांना विकणाऱ्यांनी किंमतही कमी सांगितली होती. म्हणजे त्यांना माहीत होतंच की.

बिडी, हुक्का, मशेरी, उदबत्ती यांचं काय?

बिडीचा वास सिगरेटपेक्षा उग्र, तो लपतच नाही. हुक्क्याला फळांचा वास असला तरी धूर तो धूरच. मशेरीचं मात्र कुणाच्या लक्षात येत नाही: ज्या घरात तव्यावर तंबाखू भाजली जाते, तिथल्या स्वयंपाकघरातल्या मांडणीला, डब्यांच्या कपाटाला तो वास असतो आणि घरच्यांना तो वास म्हणून जाणवतही नाही. उदबत्ती, धूप, कापूर हे आपल्याला शुभ वाटतात, पण दम्याच्या माणसाला तेही सोसत नाहीत. देवघर विकत असाल तर सांगायची गरज नाही, देवघराला उदबत्तीचा वास नसेल तरच आश्चर्य.

घरी माहीत नाही की मी ओढतो. सोसायटीच्या ग्रुपवर असं कसं लिहू? आई त्याच ग्रुपमध्ये आहे.

हा प्रश्न मला वाटला त्यापेक्षा जास्त वेळा येतो. ‘मी सिगरेट ओढतो’ असं लिहायची गरजच नाही. घेणाऱ्याला वस्तूबद्दल कळायला हवं, तुमच्याबद्दल नाही. ‘खुर्चीच्या गादीला धुराचा हलका वास आहे’ असं लिहा. कर्ता नसलेलं वाक्य मराठीत छान चालतं. कुणी खोदून विचारलंच तर फोनवर बोला.

हेच गेलेल्या माणसाच्या वस्तूंबाबत. वडिलांचं कपाट विकताना ‘वडील चेन स्मोकर होते’ असं चारचौघांत लिहायला मन होत नाही, आणि लिहूही नये. ‘वस्तू धूम्रपान होत असलेल्या खोलीत होती’ यात सगळं आलं.

जाहिरातीत नेमकं कुठे आणि कसं लिहू?

वर्णनाच्या पहिल्या तीन ओळींत. खाली, ‘फक्त गरजूंनीच संपर्क करावा’च्या नंतर, कुणी वाचत नाही. आणि मोघम लिहू नका. ‘थोडासा वापरलेला वास’ म्हणजे काय? कसला वास, किती, कुठे, आणि तुम्ही काय केलंत, एवढं पुरे. नमुने देतो:

‘सागवानी टेबल. बाहेरून वास नाही. खण उघडल्यावर सिगरेटचा वास येतो. आठ दिवस उन्हात ठेवून कमी झाला, पूर्ण गेलेला नाही.’

‘कादंबऱ्यांचा संच, १२ पुस्तकं. आधीचे मालक धूम्रपान करत. पान उघडल्यावर वास स्पष्ट जाणवतो. वासाची ॲलर्जी असल्यास घेऊ नये.’

‘लॅपटॉप. धूम्रपान करणाऱ्याने वापरलेला. आतून साफ करून घेतला आहे, गरम झाल्यावर किंचित वास येतो.’

हेच वाक्य व्यवहार ठरायच्या आधी चॅटमध्ये पुन्हा एकदा पाठवा. घेणाऱ्याने ‘ओके’ म्हटलं की तुमचीही बाजू राखली जाते.

असं लिहिल्यावर कोण घेणार?

घेणारे असतात. ते दिवाळी अंक परत आल्यावर मी वर दिल्यासारखं सगळं लिहून पुन्हा टाकले. नागपूरच्या एका गृहस्थांचा निरोप आला: ‘चालेल. मी पण ओढतो.’ संपलं. घासाघीससुद्धा नाही.

किंमत किती उतरवायची?

ठरलेला आकडा नाही. माझा हिशोब असा: वास काढायला घेणाऱ्याला जो खर्च येईल तो वजा करा. सोफ्याचा फोम आणि कापड बदलायचं तर गादीवाल्याला विचारून तेवढे कमी. पेटीचा भाता बदलायचा तर त्याचे. दुर्मिळ पुस्तकाची किंमत मी वासासाठी फार उतरवत नाही, कारण ज्याला ते हवंच आहे तो नाक धरून घेतो. उलट गल्लोगल्ली मिळणारं पुस्तक असेल तर रद्दीच्या भावातच काढा. वापरलेली गादी धुराच्या खोलीतली असेल तर विकायच्या भानगडीत पडू नका.

कायदा काय म्हणतो? न सांगणं म्हणजे फसवणूक का?

मी वकील नाही, पण हे कलम वाचण्यासारखं आहे. भारतीय करार कायदा १८७२, कलम १७. नुसतं गप्प राहणं ही फसवणूक नाही, असं ते म्हणतं. पण दोन अपवाद: जिथे बोलणं हे कर्तव्य आहे तिथे, किंवा जिथे गप्प राहणंच बोलण्यासारखं आहे तिथे. कायद्यातच घोड्याचं उदाहरण दिलंय. अ लिलावात घोडा विकतो, घोडा सदोष आहे हे त्याला माहीत आहे, तो ब ला काहीच सांगत नाही: फसवणूक नाही. पण ब म्हणाला, ‘तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा ठीक आहे असं मी धरून चालेन’, आणि अ गप्प राहिला, तर ते गप्प राहणं म्हणजे बोलणंच.

आता घोड्याच्या जागी सोफा ठेवा. घेणाऱ्याने चॅटमध्ये लिहिलं, ‘वास वगैरे काही नाही ना? नसेल तर पैसे पाठवतो.’ तुम्ही उत्तरादाखल फक्त यूपीआयचा क्यूआर कोड पाठवलात. माझ्या मते इथे तुम्ही त्या दुसऱ्या घोडेवाल्याच्या जागी उभे आहात.

त्याच कलमात माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं ही फसवणूकच धरली आहे. गिऱ्हाईक यायच्या आधी सोफ्यावर अर्धी बाटली सेंट मारणं यात बसू शकतं. दुसरीकडे कलम १९ घेणाऱ्यालाही सांगतं की साधी दक्षता घेऊन खरं कळलं असतं, तर अशा गप्प राहण्याचं निमित्त करून करार मोडता येत नाही. घरी येऊन, सोफ्यावर बसून, चहा पिऊन नेलेल्या वस्तूबद्दल नंतर वासाची तक्रार करणं म्हणून अवघड. कुरिअरने मागवलेल्याची गोष्ट वेगळी, त्याचं नाक तुमच्या घरी आलंच नव्हतं.

मी दर आठवड्याला जुन्या वस्तू विकतो. मलाही हेच लागू?

तुम्हाला जास्त लागू. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांतून घरातली एखादी वस्तू वैयक्तिकरीत्या विकणारा माणूस वगळला आहे, पण नियमित, धंदा म्हणून विकणारा नाही. मार्केटप्लेसवर विकणाऱ्याला, जाहिरातीतल्या वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घ्यायला नकार देता येत नाही. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी त्यापुढे टिकत नाही.

वास सोडला तर त्यात धोका काही आहे का?

वास हा फक्त निरोप आहे. वस्तूवर उरलेल्या धुराच्या थराला इंग्रजीत ‘थर्डहँड स्मोक’ म्हणतात, हा शब्द २००९ च्या सुमारास लोकांच्या कानावर आला. २०१० साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने दाखवलं की पृष्ठभागावरचं निकोटीन हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग पावून नायट्रोसामाइन नावाची संयुगं तयार होतात, आणि त्यांतली काही कर्करोगकारक आहेत. नायट्रस आम्ल येतं कुठून? वाहनांच्या धुरातून आणि धुराडं नसलेल्या गॅसच्या शेगडीतून. आपल्या घरात दोन्हींची कमतरता नाही.

घाबरून जुनं टेबल जाळायला नको. पण रांगणाऱ्या, सगळं तोंडात घालणाऱ्या बाळासाठीच्या वस्तू, म्हणजे पाळणा, बाबागाडी, मऊ खेळणी, या बाबतीत मी कडक आहे. धुराच्या घरातल्या असतील तर विकू नका, फुकटही देऊ नका.

वास घालवता येतो का?

कडक वस्तूंचा बराच. निकोटीन अल्कलीधर्मी असतं, त्यामुळे सौम्य आम्लात ते चांगलं निघतं. अर्धं पाणी, अर्धं पांढरं व्हिनेगर, कपडा ओला करून पुसा, मग साबणाचं पाणी, मग कोरडं. संगमरवर आणि शहाबादी फरशीला व्हिनेगर लावू नका, दगड खातो. ब्लीचमध्ये तर कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो.

पुस्तकं उभी, पानं पंख्यासारखी उघडी ठेवून, मोठ्या झाकणाच्या डब्यात घाला. तळाला वाटीत खायचा सोडा किंवा ॲक्टिव्हेटेड चारकोल (वास शोषून घेणारा कोळसा), पुस्तकाला न लागेल असा. दोन आठवडे तरी. मधे सोडा बदला. कडक उन्हात पुस्तकं वाळवू नका, बांधणी तडकते. पैठणी, शालू सावलीत वाऱ्यावर टाका, जरीला घरगुती प्रयोग नकोत. फोममध्ये मुरलेला वास निघत नाही, फोम बदलावा लागतो.

सेंट, रूम फ्रेशनर यांनी वास जात नाही, मोगऱ्याचा आणि सिगरेटचा असे दोन वास येतात. ओझोनची यंत्रं भाड्याने मिळतात, पण ओझोन फुप्फुसाला वाईट आणि निकोटीनशी त्याची क्रिया होऊन अतिसूक्ष्म कण तयार होतात. मी त्या वाटेला जात नाही.

उन्हाळ्यात विकलेल्या कपाटाची तक्रार जुलैत आली. खोटं बोलतोय का?

नसावा. हवेत दमटपणा वाढला की मुरलेला वास वर येतो. कोकणात आणि मुंबईच्या पट्ट्यात हे दर पावसाळ्यात होतं. एप्रिलमध्ये वस्तू विकताना जाहिरातीत ‘पावसाळ्यात वास वाढू शकतो’ असं लिहून टाका.

मी घेणारा आहे. काय विचारू?

‘वास आहे का?’ विचारू नका, ‘नाही’ असंच उत्तर येतं आणि बिचारा खरंही बोलत असतो, त्याच्या नाकापुरतं. विचारा, ‘ही वस्तू ज्या खोलीत होती, तिथे कधी कुणी सिगरेट-बिडी ओढत होतं का?’ याचं उत्तर नाकावर नाही, आठवणीवर अवलंबून असतं. आणि फोनवर बोलणं झालं तरी उत्तर चॅटमध्ये लिहून घ्या.

वस्तू घरी आली आणि वास मारतेय. आता?

खोका फेकू नका. वस्तू इतर कपड्यांपासून लांब, गॅलरीत ठेवा. त्याच दिवशी विकणाऱ्याला लिहा, जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोडा, कारण जाहिरात नंतर बदलता येते. आरोप करू नका, बऱ्याचदा माणसाला खरंच कळलेलं नसतं, मलाही कळलं नव्हतं. परत पाठवायची की पैसे कमी करून ठेवून घ्यायची, यातलं एक तुम्हीच सुचवा. विकणारा धंदेवाईक असेल आणि ऐकतच नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.